पुढच्या डाव्या चाकाची वायर

११ जानेवारी

मारला एकदाचा. जॅकच्या दांड्याने. बॉनेट उघडलं तर बॅटरीवर बसून माझ्याकडे बघत होता, गाडी जणू त्याच्या बापाने घेतलेली. पहिला फटका चुकला, दुसरा बसला. तिसऱ्याची गरज नव्हती, तरी मारला. मग आणखी एक.

आई मागच्या दारातून म्हणाली, "पुरे गं. मेलाय तो." मेला होताच. माझा हात थांबत नव्हता.

उंदराचा राग नव्हताच तो. काल दुपारी ताई आली. भाजीच्या टेम्पोतून उतरली, एका पायात चप्पल. डावा गाल सुजून डोळ्याला टेकलेला, कानातून आलेलं रक्त मानेवर वाळलेलं. याआधीही अशी आली आहे. पण तेव्हा ती बाथरूममध्ये घसरलेली असायची, नाहीतर कपाटाचं दार लागलेलं असायचं. काल आईने विचारलं, "काय झालं गं?" तर ताई सरळ म्हणाली, "मारलं त्याने." आणि पाणी मागितलं.

भाऊजी म्हणायचं बंद. आजपासून तो फक्त 'तो'.

१२ जानेवारी

कानाचा पडदा फाटलाय. डॉक्टर म्हणाले, पसरलेल्या तळव्याने मारलं की हवा आत घुसते आणि असं होतं. इतक्या शांतपणे सांगितलं, जणू सायकलच्या ट्यूबबद्दल बोलताहेत. मोठ्या इस्पितळात कानवाल्यांकडे दर आठवड्याला न्यावं लागेल. वकीलही तिकडेच बसतात.

पण न्यायचं कसं? सकाळी कामाला निघाले तर तो आमच्या बसथांब्यावर उभा. इस्त्रीचा शर्ट, हातात वर्तमानपत्र. "काय मेहुणीबाई, बहीण बरी आहे ना?" आजूबाजूच्या बायका हसल्या. किती प्रेमळ माणूस! टॅक्सी करावी तर स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर त्याच्या बैठकीतले. ताई आमच्या दारात पोचली हे त्याला ती पोचायच्या आधीच कळलं असणार.

राहिली बाबांची गाडी. ते गेल्यापासून मागच्या शेडमध्ये उभी आहे. मला चालवता येत नाही, चाचणीत नापास होण्यात माझा हात कोणी धरणार नाही. ताईला येते. बाबांनीच शिकवली होती. लग्नानंतर त्याने तिचं लायसन्स कपाटात टाकलं, 'बायकांच्या हातात स्टिअरिंग शोभत नाही' म्हणून. येताना तिने काय आणलं? कपडे नाहीत, दागिने नाहीत. लायसन्स आणलं.

१४ जानेवारी

गाडी चालू होत नाही. स्टार्टर मारला की इंजिन गरगर फिरतं, पण पकडत नाही. आणि फिरताना डॅशबोर्डवरची इंजिनाचे फेरे दाखवणारी सुई जागची हलत नाही. म्हणजे इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळतच नाहीये. ते सांगणारा एक सेन्सर असतो खाली, क्रँकपाशी, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यापाशी. त्याची वायर शोधत गेले.

घर सापडलं त्यांचं. हवेच्या फिल्टरच्या डब्यात. गाद्यांचा कापूस, प्लास्टिकच्या चिंध्या, बाबांच्या जुन्या हातरुमालाचा तुकडा, आणि मध्ये पिल्लं. गुलाबी, डोळे मिटलेली, बोटाच्या पेराएवढी. वळवळत होती.

मी बादलीत पाणी भरलं.

ताई पायरीवर बसून बघत होती. मला वाटलं थांबवेल. ती म्हणाली, "सगळी घातलीस ना? एक राहिलं तरी पुन्हा वाढतात." मग तिने तोंड फिरवलं आणि बराच वेळ माझ्याशी बोलली नाही. मला वाटतं मीही आज स्वतःशी बोलले नाही.

क्रँकची वायर दाताने सोललेली, आतलं तांबं उघडं, एक तार पूर्ण तुटलेली. पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरची वायर तर मधून गायबच. खाल्ली असावी.

१५ जानेवारी

गॅरेजवाला येऊन गेला. टॉर्च मारून आत बघितलं, शिट्टी वाजवली. "मॅडम, आख्खं वायरिंग बदलावं लागेल. आणि या मॉडेलचं आता मिळत नाही. भंगारात द्या, सुटाल."

"नुसता तुटलेला भाग जोडला तर?"

"सेन्सरची वायर आहे, पंख्याची नाही. आणि उंदीर आहेत तोवर नवी वायर म्हणजे त्यांना नवं ताट."

मी दिवसभर वजनकाटे दुरुस्त करते. काट्याच्या आतल्या सेन्सरची वायर केसाएवढी असते. वाईट जोडली तर काटा अर्धा किलो साखर पाऊण किलो दाखवतो. हे सगळं त्याला सांगितलं नाही. चहा दिला, पाठवून दिलं. माणूस वाईट नाही, घाईत आहे.

१७ जानेवारी

मामा आले. आईचे थोरले भाऊ, आमच्या घरातलं सर्वोच्च न्यायालय. ताईच्या डाव्या बाजूला बसले आणि बोलू लागले. ती बघत राहिली. पाचव्या वाक्याला त्यांना कळलं की तिला ऐकूच जात नाहीये. मग उठून उजवीकडे बसले आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं.

"संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच."

मी म्हणाले, "भांडं नाही मामा, कानाचा पडदा."

"तू मध्ये बोलू नकोस. तुझं लग्न झालं नाही म्हणून तुला कळत नाही."

"पडदा असायला लग्न लागत नाही."

आईने मला चिमटा काढला. मामा गेल्यावर म्हणाली, "जरा दमाने घ्यावं. तोडायला वेळ लागत नाही." ताई आत भांडी घासत होती. एक कप आपटला तिने ओट्यावर. मुद्दाम. कान हातात आला, बाकीचा मोरीत.

२० जानेवारी

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर कोंबडीचे पाय.

काल सुट्टी होती म्हणून सकाळपासून शेडमध्ये होते. बॉनेट उघडं, मी आत वाकलेली, उजवा हात बाजूच्या कडेवर. तो मागच्या गल्लीतून आला. मला पावलं ऐकू आली नाहीत. हळूच म्हणाला, "तिला बाहेर पाठव." मी वर न बघता म्हणाले, "ती येणार नाही." म्हणाला, "गाडी कशाला दुरुस्त करतेयस? कुठे जायचंय तुम्हाला?" मी म्हणाले, "तू नसशील तिथे."

त्याने बॉनेटची दांडी काढली आणि वरून दोन्ही हातांनी बॉनेट दाबलं.

आवाज आधी आला, दुखणं नंतर. कोरडा आवाज, काडी मोडल्यासारखा. माझी किंकाळी मला दुसऱ्या कुणाची वाटली. तो बॉनेटवर रेलून उभा होता, सगळा भार देऊन, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. नीट बघत होता. त्याला ते आवडत होतं, हे मी आयुष्यभर विसरणार नाही.

आई धावत आली. हातात दुधाचं पातेलं होतं, उकळतं. तिने ते त्याच्यावर फेकलं. सगळं नाही लागलं, पण मानेवर आणि खांद्यावर लागलं. तो ओरडत गेला. आई रिकामं पातेलं धरून उभी. जरा दमाने घ्या म्हणणारी माझी आई.

ताई खिडकीत होती. हलली नाही. नंतर मोरीत जाऊन ओकली.

तीन बोटं मोडली आहेत. मनगटापर्यंत प्लास्टर.

२१ जानेवारी

चौकी. इन्स्पेक्टर बाई ठीक वाटल्या, माझ्याच वयाच्या. पण तो आमच्या आधी जाऊन आला होता, मानेला मलम फासून. म्हणे मी मदत करत होतो, दांडी सडलेली होती, बॉनेट आपोआप पडलं. वर सासूने दूध ओतलं!

बाई म्हणाल्या, "गाडी जुनी आहे ना?"

"जुनी आहे. दांडी चांगली आहे. येऊन बघा."

"बघू." आणि लिहिलं: अपघात.

घरी येताना मी ठरवलं की त्याला मारायचं. नुसतं बोलायला म्हणून नव्हे. कसं, कुठे, कशाने, सगळं बसमध्ये बसून ठरवलं. दांडा तोच, जॅकचा. रस्ताभर तो माझ्या डोक्यात पुन्हा पुन्हा पडत होता आणि मी पुन्हा पुन्हा मारत होते. इतकं बरं वाटलं की थांब्यावर उतरायचं राहिलं.

२३ जानेवारी

ताई सकाळी माझ्या पलंगावर येऊन बसली. "सोल्डरिंग मला शिकव."

"तुला? इस्त्रीला तुझा हात भाजतो."

"म्हणून तर. भाजायची सवय आहे."

दुपारी बसलो दोघी. मी तिच्या उजवीकडे. आधी बाद वायरीच्या तुकड्यांवर. सोलायचं, तारांना पीळ द्यायचा, तापवायचं. "टिनाला तापवू नकोस, तांब्याला तापव. तांबं तापलं की टिन आपोआप आत जातं." तिचे पहिले सगळे सांधे वाईट. वर नुसता टिनाचा गोळा, ओढला की सुटतो. मी ओढून दाखवायची, ती काही न बोलता पुन्हा करायची. अंगठ्याला फोड आला. संध्याकाळी एक सांधा मी ओढला, आणि तो सुटला नाही. दाताने ओढला, तरी नाही.

ताई हसली. अर्ध्या तोंडाने, कारण दुसरं अर्धं अजून दुखतं.

२६ जानेवारी

क्रँकची वायर झाली. गाडीखाली ती उताणी, मी बाहेरून टॉर्च धरून. मी सांगितलं तसं तिने दोन तारांचे सांधे पुढेमागे घेतले, म्हणजे एकमेकांना टेकणार नाहीत. गरम केल्यावर आवळून बसते ती काळी नळी चढवली. वायरींचा मूळचा पीळ परत दिला. वरून पत्र्याची बारीक जाळी गुंडाळली. आता चावा म्हणावं!

किल्ली फिरवली. सुई हलली. इंजिनाने पकडलं.

धूर, खडखडाट, आणि कुठल्यातरी कोपऱ्यात जळलेल्या कापसाचा वास. आई दारात येऊन डोळे पुसत होती. म्हणाली, धूर गेला डोळ्यात.

डॅशबोर्डवर पिवळा दिवा राहिलाय. ब्रेकचा. डाव्या चाकाची वायर बाकी.

२७ जानेवारी

आज आणखी एक उंदीर. सापळ्यात. ताईने मारला, मी नाही. वीट घेतली आणि एकदाच. माझ्यासारखं पुन्हा पुन्हा नाही. मग वीट धुऊन जागेवर ठेवली.

२९ जानेवारी

डावं चाक काढलं. म्हणजे ताईने काढलं. मी तोंडाने काढलं. चाकाच्या वरचं प्लास्टिक सोडवल्यावर आत वायरीचे दोन शेंडे लोंबत होते, मधलं सगळं उंदरांच्या पोटात. मी कामावरून जाळीच्या आवरणाची जाड वायर आणली आहे. मालकांना विचारून.

ताईने विचारलं, "हा दिवा लागलेला असला तर ब्रेक लागतच नाहीत का?"

"लागतात. साधे ब्रेक लागतात. फक्त जोरात दाबले तर चाक अडकू नये म्हणून जी सोय असते ती बंद असते. गाडी घसरू शकते."

"म्हणजे लोकांना वाटतं की ब्रेक गेले."

"ज्यांना कळत नाही त्यांना वाटतं."

तिने सुंदर काम केलं. मी खोटं सांगत नाही, माझ्यापेक्षा सुंदर. चाक वळवल्यावर वायर ताणली जाऊ नये म्हणून ढील ठेवायची हे मी सांगायचं विसरले होते. तिने आपणच ठेवली. दिवा विझला. गल्लीत विटेची खूण ठेवून तिने ब्रेक मारले. विटेला न शिवता थांबली.

३१ जानेवारी

इस्पितळ. ताई चालवत, मी शेजारी, आई मागे. बसथांब्यावरून गेलो. तो उभा होता. ताईने तिकडे बघितलं नाही. काच खाली केली, एवढंच. वारा आला.

कानवाले म्हणाले, पडदा भरून येईल, पण डाव्या कानाला पूर्वीसारखं ऐकू येणार नाही. ताई म्हणाली, "चालेल. एक बाजू पुरते."

येताना आम्ही उगाच लांबून आलो.

७ फेब्रुवारी

आजच लिहायला हवं. उद्या मला वेगळं आठवेल.

सकाळी इस्पितळात जायला निघालो. आई घरीच. गाडी शेडमधून गल्लीत आली आणि तो समोर. मागे पलीकडच्या गोदामाची भिंत. त्याने दोन्ही हात बॉनेटवर ठेवले. अगदी त्याच जागी. ताईकडे बघून हसला आणि बोट वाकवून बोलावलं. उतर. मग माझ्या प्लास्टरकडे बघितलं आणि बॉनेटवर हलकेच थापटलं, घोड्याला थोपटतात तसं.

गाडी पुढे गेली.

जोरात नाही. त्याला वाटलं ती घाबरवतेय, म्हणून तो हसतच मागे मागे सरकला. मग भिंत आली. मी ओरडले, "ताई, ब्रेक!" गाडी थांबली नाही. त्याच्या चेहऱ्यावरून हसू गेलं ते मी बघितलं. मग आवाज. तो आवाज मला ओळखीचा होता, फक्त फार मोठा होता. तो बॉनेटवर पालथा पडला आणि काचेवर हात आपटू लागला. इंजिन चालूच. ताई त्याच्याकडे बघत होती. नीट बघत होती.

मी डाव्या हाताने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

मी तिच्या डाव्या बाजूला बसले होते. तिला ऐकू गेलं नसेल. नाहीच गेलं.

८ फेब्रुवारी

जिवंत आहे. दोन्ही मांड्या आणि कंबरेचं हाड. पुन्हा चालेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.

इन्स्पेक्टर बाई घरी आल्या. ताई बोलायच्या आत मीच सुरू केलं. उंदीर, कुरतडलेल्या वायरी, ब्रेकचा सेन्सर. कोपऱ्यात टाकलेले जुने तुकडे दाखवले, दाताच्या खुणा दाखवल्या. बाईंनी फोटो काढले. म्हणाल्या, "गाडी जुनी आहे." मी म्हणाले, "हो ना."

मला लाज वाटली नाही. ते शब्द त्यांचेच होते.

१२ फेब्रुवारी

मामा आले. चेहऱ्यावर तोडगा निघाल्याचं समाधान.

"शुद्धीवर आल्यावर त्याने जबाब दिला. म्हणाला ब्रेक लागले नाहीत, तिची चूक नाही. असा माणूस शोधून सापडणार नाही! घराची अब्रू राखली त्याने."

आई म्हणाली, "मग?"

"मग काय. महिना-दोन महिन्यांनी घरी सोडतील. अंथरुणावर असेल. त्याचं करायला कोण आहे? ताईने जावं. झालं गेलं विसरावं." मग चष्मा पुसत, दुसरीकडे बघत म्हणाले, "त्याने मला सांगायला सांगितलंय, जबाब काय, बदलताही येतो."

तो पाय मोडून पडलाय आणि तरी त्याचा हात इथपर्यंत पोचतो.

आई उठली. मामांची छत्री त्यांच्या हातात दिली. "दादा, तू जा आता. ती कुठेही जाणार नाही." थोरल्या भावाला इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पण मामा गेल्यावर आईच म्हणाली, "बदलला जबाब तर गं?"

१५ फेब्रुवारी

चौकीतून निरोप. उद्या त्यांचा तंत्रज्ञ गाडी तपासायला येणार. तो बघताक्षणी ओळखेल. डावी वायर शाबूत आहे, दिवा विझलेला आहे, ब्रेक विटेपाशी थांबतात.

दुपारी कटर घेऊन शेडमध्ये गेले. नुसतं कापून चालणार नव्हतं, कुरतडल्यासारखं दिसायला हवं होतं. डाव्या हाताने चाकाच्या वरचं प्लास्टिक बाजूला केलं. ताईचे सांधे. जाळीची गुंडाळी इतकी सफाईदार की कुठे सुरू झाली ते सापडेना. कटर लावलं.

ताई मागे उभी होती. "ठेव ते."

"ताई, उद्या माणूस येतोय. एका मिनिटाचं काम आहे."

"माझं काम आहे ते. मी केलंय." माझ्या हातातून कटर काढून घेतलं, प्लास्टिक परत बसवलं, क्लिपा दाबल्या. मी तिच्या डाव्या बाजूला होते. पुटपुटले, "तुला तेव्हा ऐकू आलं नाही, एवढं तरी सांग."

तिने उत्तर दिलं नाही. मला कळलं नाही, ऐकू आलं नाही म्हणून की आलं म्हणून.

१६ फेब्रुवारी

ताई सकाळी लवकर एकटीच बाहेर पडली. चौकीतच आहे. कपडे द्यायला गेले तेव्हा बाईंनी सांगितलं. ताईने जबाब दिला होता, "ब्रेक चांगले होते. वायर मीच जोडली होती. बहिणीने हाक मारली ती ऐकली, पाय ब्रेकवर होता, तो मी उचलला."

बाईंनी तिला विचारलं होतं, "अहो, तो स्वतः तुम्हाला सोडवतोय. तुम्ही का अडकवून घेताय?"

"सोडवत नाहीये," ताई म्हणाली. "घरी नेतोय."